हलक्या मोटारीची कैफियत

मोटार विकत घ्यावी, चालवावी आणि बिघडली की मिस्त्रीच्या स्वाधीन करावी, याहून अधिक संबंध तिच्याशी ठेवणारा मनुष्य एकतर पोटार्थी असतो किंवा छांदिष्ट, अशी आपल्याकडील सुशिक्षितांची पक्की समजूत आहे. त्यातही कोणी सुटे भाग मागवून, घरच्या पडवीत पाने-हातोडे घेऊन स्वतःच मोटार जोडू म्हणेल, तर पतंगामागे धावणाऱ्या प्रौढ गृहस्थाकडे पाहावे तसे आपण त्याच्याकडे पाहतो. आणि ती मोटार दोनच माणसांची, बिनछपराची, बिनदारांची आणि जमिनीपासून वीतभर उंचीवरून धावणारी आहे असे कळले म्हणजे तर निकाल लागलाच : हा श्रीमंतांचा पोरखेळ! प्रस्तुत लेख म्हणजे या निकालावरचे अपील होय.

ज्या मोटारीवरून हा वाद उपस्थित होतो तिचे नाव लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन या इंग्रज इंजिनियराने १९४८ साली, वयाची विशी उलटते न उलटते तोच, एका जुन्या ऑस्टिन सेव्हन गाडीवरून आपली पहिली मोटार लंडनमधल्या एका गॅरेजात उभी केली. पुढे १९५२ साली त्याने कारखाना काढला आणि १९५७ साली सेव्हन बाजारात आणली. पोलादी नळ्यांचा जोडून केलेला पिंजरा, त्यावर रिव्हेट मारून बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, फोर्डचे ११७२ घनसेंटिमीटरचे जुन्या वळणाचे इंजिन, दोन आसने व चार चाके, एवढाच काय तो संसार. कारखान्यात पुरी बांधलेली घेतली तर करासह १,०३६ पौंड पडत, आणि सुट्या भागांच्या रूपाने घरी नेली तर ५३६. एवढी मोठी तफावत पडण्याचे मुख्य कारण इंग्लंडातला त्या वेळचा खरेदीकर. तो पूर्ण मोटारीवर लागे, सुट्या भागांवर लागत नसे. भागांबरोबर जोडणीची पुस्तिका दिली तर कर लागेल अशी अट होती, म्हणून चॅपमनने मोटार खोलण्याची पुस्तिका दिली आणि गिऱ्हाइकांनी ती शेवटाकडून वाचावी अशी युक्ती केली, असे सांगतात. कथा थोडी रंगवलेली असेलही, पण त्या माणसाच्या स्वभावाला ती शोभून दिसते.

येथेच पहिला आक्षेप येतो. ज्या छंदाचा जन्म कर चुकवण्यातून झाला, त्याला स्वावलंबनाचा मुलामा कशाला द्यावा? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. परंतु १ एप्रिल १९७३ रोजी ब्रिटनमध्ये खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि सुट्या भागांची ती सवलत संपली. आक्षेपकांचे म्हणणे खरे असते तर हा छंद त्याच वर्षी आटोपायला हवा होता. झाले ते उलट. लोटस कंपनीला सेव्हन नकोशी झाली होती. तेव्हा ग्रॅहम नर्न यांच्या केटरहॅम कार्स या विक्रेत्या पेढीने त्याच १९७३ साली तिचे हक्क घेतले, आणि आज पन्नास वर्षे उलटून गेल्यावरही केटरहॅम ती मोटार विकते, सुट्या भागांतही विकते. कर गेला आणि गिऱ्हाईक राहिले. ते कशासाठी राहिले याचा विचार आक्षेपकांनी अजून केलेला नाही.

दुसरीही एक गोष्ट त्यांनी लक्षात घ्यावी. १९७० साली लोटसने सेव्हनची चौथी आवृत्ती काढली होती. फायबरग्लासचे अंग, थोडी अधिक ऐसपैस बैठक, काळाला साजेसे रूप. केटरहॅमच्या वाट्याला प्रथम तीच आली, आणि वर्षभरातच ती बाजूला ठेवून त्यांना तिसऱ्या, म्हणजे जुन्या, उघड्यावाघड्या आवृत्तीकडे परतावे लागले. सुधारणा नाकारून अडचण मागून घेणारे गिऱ्हाईक व्यापाराच्या इतिहासात विरळाच आढळेल.

या अडचणीचे स्वरूप जरा तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण तिची निंदा करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती दुरूनच पाहिलेली असते. सेव्हनमध्ये बसायचे म्हणजे पाय आधी आत सोडून मग अंग खाली उतरवायचे. ढुंगण रस्त्यापासून चार बोटांवर, कोपर बाहेर, आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या चाकाची तुंबी थेट डोळ्यांच्या रेषेत. पावसाळी छत असते, पण ते चढवण्याच्या खटपटीत सर येऊन जाते. इंजिनाची ऊब पायांशी येते, उन्हाळ्यात ती नकोशी होते. सामानाला जागा जवळजवळ नाहीच. ताशी पन्नास मैलांचा वेग बंद काचांच्या मोटारीत झोप आणतो, येथे तो अंगावर येतो. पुढची दोन्ही चाके, त्यांवरचे मडगार्ड, खड्ड्यागणिक वरखाली होणारे त्यांचे दांडे, हे सारे चालकाला बसल्या जागेवरून दिसत असते. स्टिअरिंगला मदतीची यंत्रणा नसते. रस्त्याचा पोत हाताला कळतो, ओल कळते, टायर सुटू लागण्याआधीची कुरकुर कळते. ज्याला मोटार म्हणजे दिवाणखाना हवा आहे त्याने इकडे फिरकूच नये. पण मोटार चालवणे ही एक विद्या आहे असे जो मानतो, त्याच्या दृष्टीने ही अडचण नव्हे, ही शिकवणी आहे.

आणि हीच मोटार रविवारी ट्रॅकवर जाते. ब्रँड्स हॅच, स्नेटरटन, कॅसल कूम येथे ठरलेल्या दिवशी शुल्क भरून कोणालाही आपली मोटार फिरवता येते. डोक्यावर शिरस्त्राण हवे, आवाज मर्यादेत हवा आणि सरळ पट्ट्यावर मागच्याला वाट देण्याची सभ्यता हवी. तेथे नेहमी दिसणारे दृश्य असे की सरळ पट्ट्यावर तिप्पट शक्तीच्या महागड्या मोटारी सेव्हनला मागे टाकतात, कारण तिचा आकार वाऱ्याला विटेसारखा आडवा येतो. पुढे वळण आले की त्याच मोटारी ब्रेक लावून हळू होतात आणि ही चिमणी त्यांच्या मागून घुसते. यात जादू काही नाही. टायरची पकड त्यावरच्या भाराबरोबर वाढते हे खरे, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट झाला तरी पकड दुपटीहून कमीच राहते. शिवाय जड मोटार थांबवायची तर ब्रेक अधिक तापतात, वळवायची तर तिचे अंग उशिरा वळते. इंजिनाची शक्ती वाढवल्याने मोटार सरळ रस्त्यावर वेगवान होते, वजन घटवल्याने सर्वत्र होते, हे चॅपमनचे सूत्र वाहनशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला पटावे. दिवस संपला की महागड्या मोटारींचे मालक टायर व ब्रेक यांच्या झिजेचा हिशेब मांडत बसतात, सेव्हनवाला मात्र त्याच टायरांवर घरी जातो.

केटरहॅमची अलीकडची एक आवृत्ती पाहा. २०२१ साली आलेली सेव्हन १७०. तिच्यात सुझुकीचे तीन सिलिंडरचे ६६० घनसेंटिमीटरचे इंजिन आहे, शक्ती ८४ अश्वांची आणि वजन अवघे ४४० किलो. आपल्या घराघरांत वर्षानुवर्षे राबलेली मारुती ८०० हलकी म्हणून ओळखली जाई, तिच्याहूनही ही दोनशे किलोंनी हलकी. जपानमध्ये ती तेथील सर्वांत छोट्या मोटारींच्या वर्गात मोडते. याउलट आज आपल्या शहरांत एकटा मनुष्य दूध आणायला निघाला तरी पावणेदोन-दोन टनांचे धूड बरोबर नेतो, आणि त्याला मात्र कोणी छांदिष्ट म्हणत नाही! समान वेगाने जाणाऱ्या दोन टनांच्या मोटारीत अर्ध्या टनाच्या मोटारीच्या चौपट गतिज ऊर्जा असते. पादचाऱ्याच्या वाट्याला यातले काय येते, याचा हिशेब त्या धुडाच्या मालकाने कधी केला आहे काय? हल्ली सुरक्षितता म्हणून जे विकले जाते ते बहुतांशी आतल्या माणसाचे असते, बाहेरच्याचे नव्हे.

तथापि हलकेपणाचा कैवार घेताना त्याचे पाप झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. चॅपमनच्या मोटारी नाजूक असतात ही तक्रार त्याचे स्वतःचे शर्यतपटूच करीत. योखन रिंट हा ऑस्ट्रियन चालक त्यांत अग्रभागी होता. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीत मोंझा येथे सरावाच्या वेळी लोटस ७२ चालवताना तो मरण पावला, आणि त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. पुढच्या ब्रेकचा दांडा निकामी झाल्याचे निष्पन्न झाले, कठड्याची बांधणीही सदोष होती. भाग अनावश्यक असेल तर काढून टाकणे हे शहाणपण, आणि आवश्यक भागच पातळ करीत जाणे हा जुगार. या दोहोंतली रेषा चॅपमनने अनेकदा ओलांडली असे आमचे मत आहे, आणि त्याच्या भक्तांना ते रुचणार नाही. परंतु या दोषावर उतारा आहे. तो म्हणजे तपासणी.

ब्रिटनने हा उतारा कसा योजला ते समजून घेण्यासारखे आहे. तेथे १९९८ पासून एकेका मोटारीच्या तपासणीची पद्धत सुरू झाली आणि २००९ पासून तिच्या जागी अधिक कडक अशी वैयक्तिक वाहन-मान्यता आली. हौशी मनुष्याने जोडलेली मोटार सरकारी परीक्षकापुढे उभी राहते. परीक्षक ब्रेकची ताकद मोजतो, पट्ट्यांचे आधार तपासतो, धूर व आवाज मोजतो, वेगदर्शक खरा आहे की नाही ते पाहतो. एवढेच नव्हे, तर मोटारीच्या बाह्यांगावर कोठे धारदार कडा उरली आहे काय हेही पाहतो, कारण ती उद्या वाटसरूला लागेल. बोल्टांच्या उघड्या टोकांवर रबरी टोप्या चढवताना तेथील हौशी लोक कुरकुरतात, पहिल्या खेपेस नापास होतात, घरी जाऊन दुरुस्ती करतात आणि पुन्हा हजर होतात. राज्य त्यांना असे म्हणत नाही की तू कारखानदार नाहीस, तेव्हा चालता हो. राज्य म्हणते, दाखव काय केलेस ते.

श्रीमंतीच्या आक्षेपाचे काय? नवी केटरहॅम स्वस्त नाही, हे निर्विवाद. पण रॉन चॅम्पियन नावाच्या शिक्षकाने १९९६ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि अवघ्या अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, अशी द्वाहीच त्याच्या नावातून फिरवली. चौकोनी नळ्या आणायच्या, कापायच्या, वेल्डिंग करायचे. इंजिन, गिअर, आस हे सारे मोडीत निघालेल्या फोर्ड एस्कॉर्टमधून काढायचे. कोणी खरोखरच अडीचशेत आटोपले असेल अशी भाबडी समजूत करून घेण्याचे कारण नाही. तरी त्या पुस्तकाने शेकडो गॅरेजांत दिवे लावले, आणि ७५० मोटर क्लबने अशा मोटारींच्या शर्यतीही भरवल्या. वरच्या आर्थिक थरातही क्रम तोच. केटरहॅमची १९९५ पासून चालत आलेली नवशिक्यांची एक स्पर्धा आहे. तीत भाग घेणारा स्वतःची मोटार जोडून घेतो, चालकाचा शर्यत-परवाना मिळवतो, आणि जी मोटार रस्त्यावर चालवतो तीच हंगामभर शर्यतीत उतरवतो. जोडणीला शंभरेक तास लागतात. एवढ्या तासांत आपल्याकडे गृहस्थाने दूरचित्रवाणीवर क्रिकेट पाहिले तर ते सत्कारणी लागले असे आपण समजतो.

या शंभर तासांत मनुष्याला काय मिळते, याचे उत्तर १९६७ साली गाजलेल्या ‘द प्रिझनर’ या इंग्रजी दूरचित्रवाणी-मालिकेत सापडते. तिच्या नायकाचे नाव हिरावून घेऊन त्याला केवळ एक क्रमांक दिलेला असतो. सुटून तो लंडनला पोहोचतो तेव्हा त्याची सेव्हन दुसऱ्याच बाईच्या ताब्यात असते. ती आपलीच हे तो कागद दाखवून सिद्ध करीत नाही, कागद त्याच्यापाशी नसतातच. तो तिच्या इंजिनाचा क्रमांक सांगतो, तिची खोड सांगतो, आपण ती स्वतःच्या हातांनी बांधली असे सांगतो. पॅट्रिक मॅकगूहानने तो प्रसंग अगदी साधेपणाने केला आहे. मालकी म्हणजे पावती नव्हे, हे त्याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

आता आपल्या घराकडे वळू. हे सारे तेथे ठीक, आपल्याकडे काय, असे वाचक विचारील. आपल्याकडे अशी मोटार जोडण्यास बंदी नाही, ती रस्त्यावर आणण्याची वाटच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६वा नियम कारखानदाराच्या नमुना-वाहनाची चाचणी सांगतो. नमुना एकदा मंजूर झाला की त्यासारख्या लाखो गाड्या निघाव्यात अशी त्याची कल्पना आहे. ज्याची एकच गाडी निघणार आहे तो या कल्पनेत बसत नाही. १९८८ च्या कायद्याचे ५२वे कलम मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणेच वाचले. न्यायालयाचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. कलम आहे तसे वाचणे हे त्याचे काम. कलमाशेजारी दुसरी खिडकी ठेवणे हे कायदा करणाऱ्यांचे काम होते, ते त्यांनी केले नाही.

आणि हे सुरक्षिततेसाठी, असे मात्र कृपा करून कोणी सांगू नये. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतली शंभरातली चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरची होती. दुचाकीला ना पिंजरा, ना पट्टा. तरी ती आपण सोळाव्या-अठराव्या वर्षाच्या मुलांच्या हाती देतो. गोव्यात तर मोटारसायकलवाला ‘पायलट’ सरकारी परवान्याने भाडोत्री उतारू मागे बसवून नेतो, आणि त्यात कोणाला वावगे दिसत नाही. आम्हालाही दिसत नाही. मग चार चाकांवर, पोलादी पिंजऱ्यात, डोक्यामागे आडवा दांडा आणि छातीवर पट्टे बांधून बसलेल्या माणसाच्या वाटेतच सुरक्षितता आडवी का यावी? हलकी चारचाकी कायद्याला अपरिचित आहे असेही नाही. बजाजच्या क्यूटसारख्या साडेचारशे किलोंच्या आतबाहेरच्या वाहनाला २०१८ साली खाजगी वापरासाठी मोकळीक मिळालीच. ती कारखान्यातून आली होती एवढाच काय तो फरक.

इंदूरच्या वाचकांना एक जुनी गोष्ट आठवत असेल. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात ड्युसेनबर्ग मोटार करवून घेतली, ती कशी? सांगाडा व इंजिन अमेरिकेतले, आणि अंग लंडनच्या गर्नी नटिंग पेढीकडून महाराजांच्या मर्जीप्रमाणे घडवलेले. एकाच माणसासाठी केलेली एकच मोटार. अशा मोटारींवर आज जाणकार जीव ओवाळून टाकतात. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या मोटारींचा मोठा सोहळा झाला, आणि तो व्हावा हे योग्यच. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या मोटारींसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. तिला ‘व्हीए’ अशी स्वतंत्र अक्षरमालिका आहे, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे, आणि ती मोटार रोजच्या वापरास नव्हे तर प्रदर्शन, फेरी, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर यावी असे बंधन आहे. म्हणजे अपवाद करण्याची कला सरकारला अवगत आहे. ती राजेरजवाड्यांनी करवून घेतलेल्या मोटारींसाठी वापरली गेली, स्वतः करणाऱ्यांसाठी नाही.

स्वतः करणाऱ्याचे काय होते? २०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या एका लोहाराची छोटी जीप देशभर गाजली. भंगारातले भाग, साठ हजारांच्या आसपास खर्च, आणि दुचाकीसारखी लाथेने सुरू होणारी. आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले, पण ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल हेही सांगितले, आणि तिच्या बदल्यात त्या कारागिराला नवी बोलेरो दिली. त्यांचे औदार्य खरे, त्या कुटुंबाचा आनंदही खरा. परंतु व्यवहार काय झाला ते पाहा. हातांनी केलेली मोटार दुसऱ्यांनी पाहून स्फूर्ती घ्यावी म्हणून त्याच्या अंगणातून गेली आणि कारखान्यात केलेली अंगणात आली. ती जीप चांगली होती की धोक्याची, हे कोणी तपासलेच नाही. तपासून नापास केली असती तर आमचे काहीएक म्हणणे नव्हते.

इंदूरजवळ पीथमपूरला २००७ पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची बाहा स्पर्धा भरू लागली. महाविद्यालयांचे संघ छोट्या इंजिनाभोवती नळ्यांचा सांगाडा स्वतः आखतात, जोडतात, परीक्षकांसमोर त्याचा बचाव करतात आणि खडकाळ वाटेवर ताशी-दर-ताशी पिटाळतात. सेव्हनच्या जातीचे काम हेच. चार वर्षे मुलांना वेल्डिंग, ब्रेक, भारांचे गणित शिकवायचे, आणि पदवी हाती येताच सांगायचे की यापुढे मोटारीला हात लावशील तर तो कंपनीचा नोकर म्हणून. बेळगावच्या उद्यमबागेत, कोल्हापूरच्या ओतशाळांत, गोव्यात बसगाड्यांची अंगे बांधणाऱ्या कारखान्यांत हे काम जाणणारे हात कमी नाहीत. बसगाडीचा सांगाडा एकाचा आणि अंग दुसऱ्याचे, ही रीत तर आपल्या नियमांनाही मान्य आहे.

तपासणार कोण, हा शेवटचा प्रश्न. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई, पीथमपूरची नॅट्रॅक्स, या चाचणी-संस्था डोळ्यांसमोर आहेत. वर्षाकाठी येऊन येऊन अशा किती मोटारी येणार? अक्षरमालिका वेगळी द्यावी, वजनाची मर्यादा घालावी, भाडोत्री वापर व पुनर्विक्री काही वर्षे बंद ठेवावी, ब्रेक व पट्ट्यांच्या बाबतीत तिळमात्र सूट देऊ नये. हवे तर रोजच्या रहदारीतून वगळून, ट्रॅकवर जाण्यायेण्यापुरतीच परवानगी आरंभी द्यावी. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइमतूरला ट्रॅक आहेतच. शुल्क जुन्या मोटारींना लावले तेच, वीस हजार रुपये, घ्यावे. शंभर तास गुडघ्यांवर बसून मोटार जोडणारा मनुष्य त्यावर घासाघीस करीत बसणार नाही.